डूबॉईस आपले कोण?

"अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या भांडणाशी आपले काय देणेघेणे? आपल्या मासिकात आपल्या समाजाचे लिहा." असे म्हणणारी मंडळी आपल्यात आहेत आणि ती काही वाईट माणसे नव्हेत. त्यांतील पुष्कळजण वर्गणी वेळेवर भरतात, मलिद्याला बोलावले की येतात, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग ओढवला तर सर्वांच्या आधी हजर असतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. ज्यांच्याशी नाते नाही त्यांच्याशी वाद कोण घालतो?

आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहिणार आहोत ते यहुदी नव्हते, हिंदी नव्हते, आणि मराठीचा एक शब्दही त्यांना येत नव्हता. त्यांचे नाव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डूबॉईस. आडनाव फ्रेंच दिसते, पण फ्रेंच पद्धतीने उच्चारले की त्यांना राग येई. पत्र लिहून ते लोकांचा उच्चार सुधारीत. आपल्यापैकी ज्यांची पेणकर, रोहेकर, नागावकर अशी आडनावे इथल्या कचेऱ्यांत मोडूनतोडून लिहिली गेली, आणि ज्यांनी शेवटी कंटाळून ती बदलूनच टाकली, त्यांना या रागाचे मर्म वेगळे सांगायला नको.

डूबॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावचा. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून त्यावेळी पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. फिस्क येथील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिकून ते हार्वर्डला गेले, मग १८९२ पासून दोन वर्षे बर्लिनला. १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. एवढे शिकून फिलाडेल्फियात काळ्या वस्तीची पाहणी करण्याचे काम मिळाले, तेव्हा विद्यापीठाने त्यांना धड प्राध्यापकाचा हुद्दाही दिला नाही. ते बायकोला घेऊन त्याच वस्तीत राहिले, दारोदार फिरले, कोण काय कमावतो, किती भाडे भरतो, कोणत्या कामावर त्याला घेत नाहीत हे सारे लिहून काढले. १८९९ साली त्याचे पुस्तक झाले. तोवर लोक म्हणत की काळे लोक गरीब आहेत कारण ते काळे आहेत. या पुस्तकाने भाडे, मजुरी आणि बंद दरवाजे यांचा हिशेबच मांडला.

त्यांची समजूत अशी होती की, जगाला खरी माहिती दिली की जग सुधारेल. त्याच १८९९ च्या एप्रिलमध्ये ही समजूत कोसळली. अटलांटाजवळ सॅम होज नावाच्या मजुराला जमावाने हालहाल करून जाळले. डूबॉईस तेथील वर्तमानपत्राच्या कचेरीत एक शांत, मुद्देसूद पत्र घेऊन निघाले होते. वाटेत कळले की त्या मजुराच्या बोटांची हाडे पुढच्याच एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते अर्ध्या रस्त्यातून मागे फिरले. माणसे जिवंत जाळली जात असताना नुसते थंड डोक्याने संशोधन करीत बसणे आपल्याला जमणार नाही, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

आता त्या काळच्या कृष्णवर्णीय समाजातील मोठा वाद पाहा, कारण तो आपल्याच बैठकीतला वाटेल. बुकर टी. वॉशिंग्टन हे त्यांचे त्यावेळचे सर्वांत मोठे पुढारी. त्यांनी टस्कीगी येथे मोठी शाळा उभी केली, हजारोंना हातात कसब दिले. कोणी कमी लेखावे असे ते काम नव्हते. १८९५ साली अटलांटाच्या प्रदर्शनात त्यांनी भाषण केले त्याचा मथितार्थ असा की, आपण आधी कामधंदा शिकू, पैसा जोडू, गोऱ्यांच्या पंगतीला बसण्याचा हट्ट धरू नये, मान आपोआप मिळेल. त्यावेळी खुद्द डूबॉईस यांनी त्यांचे तारेने अभिनंदन केले होते. पण पुढच्या आठ वर्षांत दक्षिणेकडील राज्यांनी एकामागून एक काळ्यांचा मताधिकार काढून घेतला, रेल्वेचे डबे वेगळे केले, जाळपोळ चालूच राहिली. मान आपोआप मिळाला नाही. मग १९०३ साली 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात डूबॉईस यांनी नाव घेऊन, आदर ठेवून, पण स्पष्ट शब्दांत लिहिले की ही वाट चुकली आहे.

"कशाला तोंड वाजवायचे? मुलाबाळांना नोकऱ्या लागल्या, घरे झाली, आता जुने उकरू नका." हे वाक्य आम्ही लोदला ऐकले आहे, अश्दोदला ऐकले आहे, दिमोनालाही ऐकले आहे. अशा बंधूंना आम्ही विचारतो, १९६२ साली लग्ननोंदणीच्या वेळी बेने इस्राएलांच्या आईची, आजीची, आणि जमेल तेवढ्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी असा हुकूम निघाला, तो काय आपण गप्प राहिलो म्हणून मागे घेतला गेला? १९५१-५२ साली "आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा" म्हणून आपली काही कुटुंबे ठिय्या देऊन बसली होती, ती काय हौसेने? १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक बायकामुलांसह जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे ऑगस्ट महिन्यात क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत, आणि मग हुकुमातले आपले नाव गाळले गेले. गप्प बसून नव्हे, रस्त्यावर बसून ते नाव गाळले गेले. आणि आज ज्यांची लग्ने बिनबोभाट लागतात त्या नातवंडांना आपण हे सांगितलेलेसुद्धा नाही!

असो. मूळ विषयाकडे वळू.

१९०९ साली न्यूयॉर्कमध्ये काळ्या-गोऱ्यांनी मिळून कृष्णवर्णीयांच्या उन्नतीची एक राष्ट्रीय संस्था काढली. इंग्रजी आद्याक्षरांनी ती एनएएसीपी म्हणून ओळखली जाते. तिच्या स्थापनेत यहुदीही होते. हेन्री मॉस्कोविट्झ, लिलियन वॉल्ड ही नावे पहिल्यापासून आढळतात. पुढे अध्यक्षपद सांभाळणारे जोएल स्पिंगार्न हेही यहुदी, आणि डूबॉईस यांनी १९४० सालचे आपले आत्मचरित्रपर पुस्तक स्पिंगार्न यांच्याच स्मृतीस अर्पण केले. या संस्थेसाठी डूबॉईस यांनी १९१० च्या नोव्हेंबरात 'द क्रायसिस' हे मासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या प्रती हजार. १९१९ पर्यंत खप लाखावर गेला.

या मासिकाविषयी थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. (मासिक चालवणाऱ्यांना दुसऱ्याच्या मासिकाविषयी वाचताना काय वाटते ते वर्गणीदारांना नाही कळायचे.) त्यात काय नसे? कोणत्या मुलीने कॉलेजची पदवी मिळवली तिचा फोटो असे. वर्षातून एका अंकात गोंडस बाळांचे फोटो पानेच्या पाने असत. पुढे मुलांसाठी वेगळे मासिकही निघाले, 'द ब्राऊनीज बुक', १९२० आणि १९२१ अशी दोन वर्षे ते चालले. आणि याच 'क्रायसिस'मध्ये किती माणसे जमावाने मारली, कुठे मारली, यांची यादीही छापली जाई. १९१६ साली टेक्सासमधील वेको गावी जेसी वॉशिंग्टन या कोवळ्या पोराला हजारोंच्या जमावासमोर जाळले. संस्थेने एलिझाबेथ फ्रीमन या धीट बाईला तिथे पाठवून माहिती गोळा केली, आणि डूबॉईस यांनी फोटोंसह पुरवणी काढली. बाळांचे फोटो आणि जळालेल्या मुलाचा फोटो, एकाच मासिकात! आपल्यातील शहाणे म्हणतील, हे शोभते का? डूबॉईस यांचे म्हणणे असे असावे की ज्या बाळाचा फोटो आपण कौतुकाने छापतो त्याच बाळाला उद्या जमाव धरून नेऊ शकतो, मग एक छापायचे आणि दुसरे झाकायचे ही कसली माया?

बारसे, बार मित्झ्वा, लग्न आणि अमक्यातमक्याच्या मुलाला मिळालेली बढती, एवढेच छापा असे आम्हांला सांगणाऱ्यांसाठी हा परिच्छेद लिहिला आहे.

आता बर्लिनच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग. सुटीत ते पोलंडकडे, क्राकोवच्या एका विद्यार्थिमित्राला भेटायला निघाले होते. वाटेत गॅलिशियातील एका लहान गावी रात्रीचा मुक्काम पडला. गाडीवानाने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि विचारले, यहुद्यांत उतरायचे काय? डूबॉईस यांना प्रश्नाचा उलगडा झाला नाही, पण त्यांनी हो म्हटले. गाडीवानाने त्यांना एका गल्लीतल्या छोट्याशा यहुदी खाणावळीत नेऊन सोडले. जन्मभर कातडीच्या रंगावरून वेगळे बसवलेल्या माणसाला तिथे प्रथम कळले की गोरी कातडी असूनही माणसाला वेगळे बसवता येते. (आणि गाडीवानाच्या डोळ्यांना सावळा माणूस म्हणजे यहुदी वाटला, हे वाचून आम्ही हसलो. आपल्याला मात्र इथे विमानतळावर उतरल्यावर उलटाच प्रश्न विचारला गेला!) ज्या मित्राकडे ते निघाले होते तो स्तानिस्लाव एस्ट्राइखर पुढे क्राकोवला प्राध्यापक झाला. १९३९ च्या नोव्हेंबरात नाझींनी तिथले प्राध्यापक धरून नेले, त्यांत तोही होता. डिसेंबरात साक्सेनहाऊझेनच्या छावणीत तो मेला.

डूबॉईस १९३६ साली जर्मनीत काही महिने राहून आले. यहुद्यांविरुद्ध तेथे चाललेल्या छळाइतका जाहीर आणि सुडाचा छळ आपण पाहिलेला नाही, असे त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात लिहिले, आणि लिहिणाऱ्याने स्वतः काय काय पाहिले होते ते वर आलेच आहे. मग १९४९ साली ते वॉर्साला गेले, घेट्टोचे ढिगारे पाहिले, बंडातील वीरांचे स्मारक पाहिले. त्याविषयी १९५२ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या एका यहुदी मासिकात लेख लिहिला. त्याचा आशय असा की, आपण आयुष्यभर वंशभेद म्हणजे काळ्या-गोऱ्याचा प्रश्न समजत आलो, परंतु वॉर्सा पाहिल्यावर कळले की तो रंग, रूप, धर्म, दर्जा सारे ओलांडून जातो, कारण तो चुकीच्या शिकवणुकीतून आणि द्वेषातून निघतो.

ही शिकवण कोणाला नको आहे? ज्यांच्या घरात काळ्या-गोऱ्याचा भेद होता त्यांना. आम्ही अमेरिकेविषयी बोलत नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या आपल्या घरांविषयी बोलत आहोत. बगदादी मंडळींनी आपल्याला मिनियानमध्ये मोजले नाही, कबरस्तानात भिंत मागितली, याचा राग आपण आजतागायत विसरलो नाही, आणि विसरूही नये. पण 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' हे शब्द बगदाद्यांनी आणले नाहीत. काळ्या इस्राएलशी सोयरीक नको, त्यांची भांडी वेगळी, हे आपल्याच आजी-पणजींच्या घरचे कायदे. तिथे आईच्या कुळाची चौकशी कोण करीत होते? आपणच. १९६२ च्या हुकुमाने आपल्याला जे विचारले तेच आपण आपल्या भावाला शंभर वर्षे विचारीत होतो. आणि आज इथे, १९८४ नंतर आणि १९९१ नंतर इथिओपियाहून आलेल्या बांधवांविषयी आपल्या काही ओट्यांवर जे बोलले जाते ते इथे छापण्याजोगे नाही. १९९६ साली त्यांनी दिलेले रक्त गुपचूप फेकून दिले जात होते असे उघडकीस आले, आणि ते जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. त्यावेळी आपल्यापैकी किती जण त्यांच्याबरोबर उभे राहिले? ३२ वर्षांपूर्वी त्याच शहरात कोण बसले होते?

डूबॉईस यांच्या सर्व कामांत आम्हांला जे सर्वांत मोलाचे वाटते ते आता सांगतो. 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'मध्ये जॉर्जियातील गरीब कुळांना लुटणाऱ्या दुकानदार-जमीनदारांचा उल्लेख करताना त्यांनी काही ठिकाणी यहुद्यांकडे बोट दाखवले होते. न्यूयॉर्कचे धनिक जेकब शिफ यांनी पूर्वी पत्र पाठवून हरकत घेतली होती. माझ्या मनात द्वेष नाही, पुढच्या आवृत्तीत बघू, असे डूबॉईस यांनी उत्तर दिले आणि ते राहूनच गेले. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. १९५३ साली पन्नास वर्षे झाली म्हणून नवी आवृत्ती निघायची होती, तेव्हा त्यांनी पुस्तक पुन्हा वाचले. वय ८५. जगभर नावाजलेले पुस्तक. ते लुटारू खरोखर यहुदी होते की नाही याची मला खात्री नाही, आणि असते तरी माझा रोख लुटीवर होता, जातीवर वा धर्मावर नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आणि ते शब्द बदलले. कोर्टाने सांगितले नव्हते, मोर्चा आला नव्हता. त्यांनी वॉर्सा पाहिले होते एवढेच.

ही बाजू सांगितली तशी दुसरीही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही आरती ओवाळतो आहोत असे होईल. ज्या फेब्रुवारीत त्यांनी यहुद्यांविषयीचे शब्द दुरुस्त केले, त्याच्या पुढच्याच महिन्यात स्टॅलिन वारला आणि डूबॉईस यांनी त्याचा गौरव करणारा लेख लिहिला. जानेवारीतच मॉस्कोने यहुदी डॉक्टरांवर पुढाऱ्यांना मारण्याच्या कटाचा खोटा आळ घेतला होता आणि ते जगभरच्या वर्तमानपत्रांत आले होते. इतकी सूक्ष्म नजर असलेल्या माणसाला हे दिसू नये? १९३० च्या दशकात जपानच्या साम्राज्यालाही त्यांनी असेच पाठीशी घातले, का तर ते गोरे नव्हते. १९१८ साली महायुद्ध चालू असताना त्यांनी आपल्या लोकांना सांगितले की आपली गाऱ्हाणी सध्या बाजूला ठेवा. नेमके तेव्हा लष्करात त्यांना हुद्दा मिळण्याची बोलणी चालली होती. लोकांनी ते त्यांना ऐकवले, आणि ठीकच केले. पुढल्या वर्षी त्यांनी परतलेल्या सैनिकांवर असा जळजळीत अग्रलेख लिहिला की टपाल खात्याने अंक काही काळ अडवून ठेवला. इस्राएलच्या स्थापनेला १९४८ साली त्यांनी मनापासून पाठिंबा दिला, आणि १९५६ च्या सुएझ लढाईनंतर कवितेतून इस्राएलवर कडक टीका केली. पटेल तेवढे घ्या. मात्र टीका केली म्हणून वॉर्साचा लेखच वाचायचा नाही, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आपल्या संस्थेशीही त्यांचे जमले नाही. १९३४ साली वेगळ्या वस्तीत राहावेच लागत असेल तर आपल्या सहकारी संस्था, आपली दुकाने बळकट करा असे त्यांनी लिहिले, त्यावरून भांडण होऊन स्वतःच काढलेले मासिक त्यांना सोडावे लागले. मग पुनर्रचनेच्या काळाचा मोठा इतिहास १९३५ साली लिहिला. १९४४ साली ते संस्थेत परत आले, १९४७ च्या ऑक्टोबरात कृष्णवर्णीयांची कैफियत संयुक्त राष्ट्रसंघापुढे दाखल केली, १९४८ साली पुन्हा बाहेर. १९५१ साली शांततेच्या पत्रकांवरून सरकारने त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरला. ८२ वर्षांच्या माणसाला हातकड्या घातल्या. चारित्र्याचा साक्षीदार म्हणून उभे राहायला कोण तयार झाले? आल्बर्ट आइन्स्टाइन. ती वेळ आली नाही, न्यायाधीशांनी खटलाच काढून टाकला. तरी पुढे १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट मिळाला नाही.

आणि आता मराठी माणसाचा धागा, जो आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४६ च्या जुलैत मुंबईचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डूबॉईस यांना पत्र लिहिले. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबियात शिकलेले. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणे आवश्यकच आहे, असे सांगून त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. महिनाअखेरीस डूबॉईस यांचे उत्तर आले. तुमचे नाव मी ऐकून आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, प्रती पाठवतो. दोन समाज, मध्ये दोन महासागर, आणि विचारपूस कशाची? अर्ज कसा लिहिलात ते दाखवा! आपण बेने इस्राएल त्या दिवसांत त्याच मुंबईत होतो, उमरखाडीत, भायखळ्यात, परळात. आंबेडकरांच्या सभांना आपल्यातील किती गेले होते, कोणाला आठवते काय?

डूबॉईस १९६१ साली घानाला गेले, आफ्रिकेचा ज्ञानकोश लिहायला. २७ ऑगस्ट १९६३ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, ते अक्रा येथे वारले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये हक्कांसाठी लाखो लोक जमले होते. त्यांना ती बातमी व्यासपीठावरून सांगण्यात आली.

वाचकांस आमची विनंती अशी. १९६२ ते १९६४ या काळातील पत्रके, अर्जांच्या मराठी-हिब्रू प्रती, जेरुसलेमच्या ठिय्याचे फोटो ज्यांच्या कपाटात पडून असतील त्यांनी ते आमच्याकडे पाठवावेत. पाहून परत करू. फोटोतील माणसांची नावे मागच्या बाजूस लिहावीत, आई-बापांची नावे आणि मूळ गावासह, कारण ओळखणारे दरवर्षी कमी होत आहेत. आणि ज्यांच्या घरात 'काळे' म्हणून ताट वेगळे मांडले जाई, किंवा ज्यांनी ते मांडले, त्यांनीही लिहावे. नाव छापू नका म्हणाल तर छापणार नाही. मजकूर मात्र जसाच्या तसा छापू.